पूजा झालेला स्विच

मुंबईत वीस वर्षं लिफ्टमध्ये स्टुलावर बसून बटणं दाबली म्हणजे माणसाला लिफ्ट कळते, असं महाडात मानलं जाई. या हिशेबानं पोलादपूरच्या एस.टी.तून टोपलीत बसून येणाऱ्या कोंबड्यांनाही इंजिन खोलता यायला हवं होतं.

साठ सालाच्या सुमाराची गोष्ट. महाडात नदीच्या अंगाला एक भातगिरणी होती आणि मी तिथला मिस्त्री होतो. गिरणी दुमजली, म्हणून पोती वर चढवायला विजेवर चालणारा पाळणा होता. आसपास कुठंच दुसरा नसल्यानं मालक पाहुण्यांना चहाच्या आधी तो दाखवीत. पाळणा मजल्याशी नेमका थांबावा म्हणून भिंतीवर एक स्विच होता. पाळण्याची लोखंडी पट्टी त्याच्या चाकाला दाबायची, की आत वीज तुटायची आणि ब्रेक धरायचा. एवढीच ती विद्या.

वरच्या मजल्यावर पोती ओढून घ्यायला कुडपणचा एक हमाल होता. डोंगरातला माणूस. निसरड्या उतारावर बोटं रुतवून उभं राहायची सवय, ती इथंही सुटली नव्हती. अनवाणी पायांची बोटं मजल्याच्या काठाबाहेर काढून, काठ पकडून तो वाकायचा आणि पोतं ओढायचा. मी दहादा ओरडलो तरी त्याचे पाय आपले काठावरच. पाळणा जागच्या जागी थांबला तर बोटं सलामत, नाही तर नाही. हे मला ठाऊक होतं, त्यालाही ठाऊक होतं.

भाद्रपदात तो स्विच मेला. मी मालकांना कागदावर लिहून दिलं: दांडा इतक्या लांबीचा, दाबला की वीज तोडणारा, जोडणारा नव्हे, आणि पेटी ओतीव लोखंडाची, झाकणाखाली रबर असलेली, पूर्ण बंद. शेवटची अट सगळ्यांत महत्त्वाची. भाताचा कोंडा नुसता उडत नाही, तो तेलकट असतो. उघड्या स्विचात शिरला की आत मलमासारखा बसतो आणि जोड सुटतच नाहीत.

मालकांनी तो कागद टपालानं मुंबईला, त्या वीस वर्षं स्टुलावर बसलेल्या लिफ्टवाल्याकडे धाडला. तो मालकांच्या गावकीतला, नवरात्राला मुंबईहून यायचा. आला तो पांढऱ्याशुभ्र पँटीत, कोंड्याच्या ढिगापासून चार हात लांब उभा राहिला आणि खिशातून एक चिमुकला, चकचकीत, बाजूनं उघडा स्विच काढला.

"एकदम फर्स्टक्लास चीज आहे," तो म्हणाला. "आमच्या बिल्डिंगच्या लिफ्टला हाच आहे. साहेबलोक वापरतात."

"साहेबलोक लिफ्टमध्ये भात सडतात का?" मी विचारलं.

मालक हसले नाहीत. "मिस्त्री, त्यांची वीस वर्षं त्याच कामात गेलीत."

अर्ध्या हळकुंडानं पिवळे झालेले लोक मी पुष्कळ पाहिले होते. याला तर हळकुंडाचा वासही लागला नव्हता. दांडा बोटभर आखूड निघाला. त्याचाही उपाय त्यानं दिला, "पट्टी थोडी ठोकून पुढे घे ना!" मी पट्टी ठोकली. मला काय, सांगितलेलं करायचं.

दुसऱ्या दिवशी दसरा. गिरणीतल्या एकूण एक यंत्राला हळदकुंकू लागलं, झेंडू लागला. मालकीणबाईंनी त्या स्विचालाही कुंकू लावलं, आणि ते चाकाच्या खाचेत गेलं. आठवड्यानं नवं भात येऊ लागलं आणि पाळणा मजल्याच्या चार बोटं वर जाऊन थांबू लागला. मी मालकांकडे गेलो. स्विच बदलू द्या म्हणालो.

"दसऱ्याला पुजलेली वस्तू लगेच उतरवायची?" मालक म्हणाले. "पाडवा होऊ दे. मग बघू."

शिकलेला माणूस. घरात इंग्रजी वर्तमानपत्र यायचं. मला अशी तिडीक आली की मी जिना उतरताना ठरवून टाकलं, आता चकार शब्द काढायचा नाही. होऊ दे यांची एकदाची फजिती. मग येतील माझ्याच पाया पडत.

त्याच दुपारी हमालानं वरून हाक मारली. "मिस्त्री, पाळणा रोज वर जातोय. काय भ्या नाय ना?"

"मला काय विचारतोस?" मी म्हणालो. "तुमच्या मुंबईवाल्याला विचार."

तो हसला. त्याला वाटलं मी थट्टा करतोय, म्हणजे सगळं ठीक असणार.

चौथ्या दिवशी पाळणा हातभर वर गेला. खाली बटणावर मी होतो. "खाली घ्या वाईच!" तो ओरडला. मी घेतला. पाळणा मजल्याशी आला आणि थांबलाच नाही. उजव्या पायाची तीन बोटं गेली.

मालकांनी त्याच संध्याकाळी स्विच उतरवायला सांगितलं. पाडवा, पूजा, सगळं विसरले. उघडून पाहिला तर आत कोंडा आणि कुंकू यांचा चिखल. मी तो मालकांच्या टेबलावर आपटला, बोलायचं ते सगळं बोललो आणि त्यांनी मान खाली घातली. मला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू.

मग दवाखान्यात गेलो. हमाल भिंतीला टेकून बसला होता, पायाला पट्ट्यांचं मोठं बोचकं बांधलेलं. कुडपणची चढण याच पायांनी चढायची होती त्याला, जन्मभर. मी बसलो आणि सुरू झालो. तो लिफ्टवाला कसा गाढव, मालक कसे नंदीबैल, स्विच कसा खेळण्यातला, पेटी कशी बंद हवी होती, कोंडा कसा बसतो. त्यानं सगळं ऐकून घेतलं.

"त्यांना कायच कळत नव्हतं," तो म्हणाला.

"कायच नाही!"

"तुमाला कळत व्हतं," तो म्हणाला, आणि पाय हातांनी उचलून त्यानं माझ्यापासून थोडा बाजूला घेतला.