इरप्पाने टोचलेल्या कोंबड्या

इरप्पाच्या नावाने पशुसंवर्धन खात्याने काढलेली नोटीस चार ओळींची आहे आणि चारही ओळी खोट्या आहेत. लस उन्हातून नेली, हे खोटे. मुदत संपलेली वापरली, हे खोटे. मात्रा कमी दिली, हेही खोटे. चौथ्या ओळीत तो वरिष्ठांशी उद्धटपणे बोलला असे म्हटले आहे. तो खरे बोलला, एवढेच. बीदर जिल्ह्यात, खटकचिंचोळीच्या अलीकडे आमचे गाव आहे. तिथल्या सहकारी सोसायटीचा मी सचिव आहे. जनावरांचा सरकारी दवाखाना आणि आमचे कार्यालय यांच्यामध्ये एकच भिंत आहे. जे पाहिले आणि ऐकले, ते क्रमाने लिहितो.

इरप्पा या दवाखान्यात एकतीस वर्षे शिपाई होता. घराणे मेंढपाळांचे. त्याचे वडील दर हिवाळ्यात मेंढरे घेऊन अफजलपूरकडे, भीमेच्या काठाला उतरत. अंथरुणे, भांडी आणि नुकती जन्मलेली कोकरे वाहायला त्यांच्याकडे एक घोडी होती. एका वर्षी तिला ताप येऊ लागला. येई, जाई, पुन्हा येई. पाय सुजले, पोटाखाली पाणी उतरले. घरच्या रीतीप्रमाणे वडिलांनी तिला लालभडक सळईने डाग दिले. आधी गुडघ्यांवर, मग पोटावर. इरप्पाने तिचा कान धरून ठेवला होता. आठव्या दिवशी घोडी नदीकाठी मेली.

पुढे नोकरीला लागल्यावर तेव्हाच्या म्हाताऱ्या डॉक्टरांनी त्याला सांगितले, की तो सर्रा होता. माशी चावल्याने होणारा रक्तातला रोग. वेळेवर एक इंजेक्शन पडले असते तर घोडी वाचली असती. त्या दिवसापासून इरप्पा सुईचा माणूस झाला. लग्नाच्या घोड्याला ताप आहे म्हणून कोणी सकाळी आले, तर तो त्याला दिवेलागणीला परत बोलवायचा. सर्रातला ताप सांजेला चढतो आणि कानाचे रक्त तेव्हाच घ्यायचे असते, हे त्याला पाठ होते. डॉक्टर थांबायला कुरकुरत. तो त्यांच्या गाडीपुढे घोडा बांधून ठेवायचा. डाग देणाऱ्या आपल्याच भावकीशी तो इतका भांडला, की दोन घरांनी त्याला लग्नाला बोलावणे बंद केले.

घोडे कमी झाले. गावात उरल्या कोंबड्या. कोंबडीला कसला डॉक्टर, असे लोकही म्हणत आणि डॉक्टरही. मानमोडीची साथ आली की खुराडी रिकामी व्हायची. या रोगाला औषध नाही, आधीच लस टोचणे एवढाच उपाय. बायकांना वाटायचे, सुई टोचली की कोंबडी अंडी द्यायची थांबते. इरप्पा पहाटे, कोंबड्या डालग्याखालून सोडायच्या आधी, दारोदार जायचा. सगळ्यात आधी तयार झाली ती अंबुबाई. मागच्या गल्लीत तिच्या चाळीस कोंबड्या होत्या आणि जीभ अशी, की गल्लीतली कुत्रीही तिच्या दारातून बेताने जात. तिनेच बाकीच्या बायकांना समजावले. गेल्या मार्चअखेर एक्केचाळीस घरांतल्या कोंबड्यांना इरप्पाने पंखाखाली लस टोचली.

एप्रिलच्या मध्यावर मानमोडी आली. कोंबड्या चोच उघडी टाकून श्वास घेऊ लागल्या, हिरवे हगू लागल्या, मान पाठीवर वळवून जागच्या जागी गरगर फिरू लागल्या. लस टोचलेल्या आणि न टोचलेल्या सारख्याच मेल्या.

अंबुबाईने मेलेल्या कोंबड्यांची पाटी आणून दवाखान्याच्या पायरीवर पालथी केली.

"तुझ्या सुईच्या भरवशावर बसले मी, इरप्पाण्णा. ह्या कामून मराया लागल्या?"

"कळंना झालंय अक्का. औषध तर तारखंतलं हाय."

"मग ती तारीख कोंबडीला दाखीव!"

घरी राजूबाईच्या, म्हणजे त्याच्या बायकोच्या, अकरा कोंबड्या गेल्या. ती म्हणाली, "दुसऱ्या बायांनी तुला शिव्या दिल्या तर मी भांडंन. माझ्या कोंबड्यांसाठी कुणासंगं भांडू? तू घरातच हाईस."

त्या रविवारी इरप्पा जेवला नाही. सोमवारी साडेनऊला त्याने दवाखान्याचे कुलूप काढले आणि थेट फ्रिजकडे गेला. उरलेल्या बाटल्यांच्या तारखा पुन्हा पाहायच्या होत्या. एरवी तो आत आला की आधी मेन स्विच वर करायचा, मग झाडलोट, मग पाणी भरणे. फ्रिजला हात लागायचा तो अकराला, डॉक्टर आल्यावर. त्या दिवशी स्विच वर करायचा राहिला. फ्रिज उघडला तर आतला दिवा लागला नाही. आत हात घातला तर गरम वाफ. बर्फाच्या कप्प्यात कोमट पाणी होते आणि लसीच्या बाटल्या त्यात तरंगत होत्या.

ही लस जिवंत असते. थंडाव्यात राहिली तरच कामाची, नाहीतर सुईतून नुसते पाणी जाते. आणि तीन वर्षांपूर्वी जिल्ह्यात एका कार्यालयात शॉर्टसर्किटने आग लागली, तेव्हा वरून हुकूम आला होता, की शेवटी निघणाऱ्याने मेन स्विच बंद करावा. इरप्पा रोज साडेपाचला न चुकता बंद करायचा. रविवारी बंद, दुसऱ्या शनिवारी बंद, सणावाराला बंद. आमच्या सोसायटीतल्या पोरांना मी त्याचे उदाहरण देत असे. फ्रिजला वेगळी लाइन द्या, असा एक अर्ज करायला हवा होता. तीन वर्षांत तो कोणी केला नाही. मधल्या दोन वर्षांत साथ आली नव्हती, म्हणून मेलेली लसही गुणकारी ठरली होती.

डॉक्टर महेशकुमार अकराला आले. ते बीदरहून गाडीने येत. त्यानंतरचे सगळे भिंतीपलीकडून मला ऐकू येत होते.

"साहेब, फ्रिज रोज सांजेला मरायलाय. मीच मारायलोय त्याला."

"चार्ट आहे ना लावलेला. सकाळ-संध्याकाळ चार डिग्री."

"ऐतवारी चार डिग्री कुणी बघितलं? किल्ली तर माझ्या खिशात व्हती."

"हळू बोल."

"तीन वर्षं हळूच बोललो साहेब."

तो तक्ता मी नंतर पाहिला. हिशोबाच्या शिस्तीत आयुष्य गेलेल्या माणसाला असे कागद लगेच कळतात. महिन्याच्या तीस दिवसांत साठ वेळा चार, एकाच शाईने, एकाच बसणीत लिहिलेले. उन्हाळ्यात इथे बेचाळीस डिग्री असते, पत्रे तापून कडकडतात, आणि बंद खोलीतल्या बंद फ्रिजमध्ये चार. लिहिणाऱ्याला पाच लिहायचीही लाज वाटली नाही, इतका तो निवांत होता.

डॉक्टरांनी एक निवेदन पुढे केले. त्यात लिहिले होते, की लस देण्यापूर्वीच पक्ष्यांना लागण झालेली होती. खाली लस देणाऱ्याची सही हवी होती.

"दोन महिने राहिलेत तुझे, इरप्पा. सही कर, हार घालून घे, घरी जा."

"आन् फ्रिज?"

"फ्रिजचं बघू."

"आन् बाया? त्यांनी आजारी कोंबड्या माझ्यापुढं धरल्या, असं लिव्हलंय हितं. त्यांनी धडधाकट धरल्या व्हत्या. ह्या हातात धरल्या म्या."

त्याने सही केली नाही. सही केली असती तर पुढच्या मार्चला दुसऱ्या कुणी शिपायाने त्याच फ्रिजमधली तीच मेलेली लस टोचली असती. न केली तर सगळा दोष त्याच्यावर येणार होता. हे त्याला कुणी समजावून सांगावे लागले नाही. आठ दिवसांत नोटीस आली. आधी बायका खोट्या ठरणार होत्या, आता इरप्पा ठरला.

नोटिशीला उत्तर द्यायच्या आधी तो एक्केचाळीस घरी गेला. मी म्हणालो, की आधी उत्तर दे, मग लोकांना सांग; उलटे केलेस तर तेच तुझ्याविरुद्ध लावतील. तो म्हणाला, "कोंबड्या त्यांच्या मेल्यात. पहिलं त्यांना कळू दे."

अंबुबाईच्या दारात मी त्याच्यासोबत होतो. ती रिकामे खुराडे चुन्याने सारवत होती. तो उभ्यानेच बोलला.

"तुमच्या कोंबड्यांना म्या पानी टोचलं. औषध मेलेलं व्हतं. रोज सांजेला बटन मी बंद करायचो."

अंबुबाईने कुंचला खाली ठेवला. "रोज?"

"रोज."

"तीन वर्षं?"

"व्हय."

"आन् तुला कळलं न्हाई? घोड्याचा ताप कवा चढतो ते कळतंय, फ्रिज कवा बंद पडतोय ते कळंना?"

"न्हाई कळलं."

"आरं इरप्पा, मग तू आन् सळई तापवणारा तुझा बाप, फरक काय राहिला?"

तिच्या हाकेतले 'अण्णा' गळून पडले होते. बाहेर आल्यावर रस्त्यातल्या दगडाला इरप्पाने अशी लाथ मारली, की चपलेचा अंगठा तुटला. तुटकी चप्पल हातात घेऊन तो पुढच्या घरी गेला.

उत्तर मी लिहून दिले. 'बहुधा फ्रिज बंद राहिल्यामुळे' असे मी लिहिले. त्याने वाचायला लावले आणि कागदावर बोट ठेवले.

"हे बहुधा कामून लिव्हायलाव? म्या सोता बटन खाली केलंय."

बहुधा काढले. त्याच्या सांगण्यावरून पुढचे असे लिहिले: 'लस मी मारली. मारायचा हुकूम कागदावर होता. ती मरते आहे हे ज्याने तक्त्यात लपवले, त्याचेही नाव नोटिशीत घालावे.'

डॉक्टर कागद घेईनात. टपालाने पाठव, म्हणाले. पोचीचा शिक्का पुढ्यातच पडला होता. अंबुबाई शेजारणीची लंगडी शेळी घेऊन बाकावर बसली होती. मुद्दाम त्याच वेळी आली होती, असा माझा समज आहे. ती उठून टेबलाशी आली.

"मारा की शिक्का, डाक्टर. कोंबड्या मारायला शिक्का लागला न्हाई, तवा कागद घ्यायला कसला अवघडायलाव?"

दारात आणखी सात-आठ बायका जमल्या. डॉक्टर महेशकुमारांनी शिक्का मारला, पण इतका हलका, की तारीख उमटली नाही. इरप्पाने कागद परत पुढे सरकवला. त्यांनी दुसऱ्यांदा मारला.

जूनअखेर इरप्पा निवृत्त झाला. हार नाही, चहा नाही. चौकशी चालू आहे, म्हणून त्याचे कागद अडकलेले आहेत. जुलैत एक वायरमन येऊन फ्रिजला वेगळी लाइन जोडून गेला. मंजुरीच्या पत्रात कारण म्हणून 'आधुनिकीकरण' लिहिले आहे. नोटीस मागे घेतलेली नाही. तक्ता कोणी भरला हे अजून कोणी विचारलेले नाही आणि डॉक्टरांना हवी तिथे बदली मिळाली.

ऑगस्टमध्ये राजूबाईने नऊ तलंगा, अजून अंड्यावर न आलेल्या कोवळ्या कोंबड्या, आणल्या. वाहनातून बीदरहून बर्फात आलेली नवी लस दवाखान्यात पोचली, त्याच दिवशी इरप्पाने ती स्वतः मागून आणली आणि टोचली. मग तो अंबुबाईकडे गेला. तिने सहा पिल्ले पाळली होती. ती दारातच आडवी उभी राहिली.

"आदी तुझ्या घरच्या जगू दे. साथ येऊन जाऊ दे. मग बघू."

"तवर तुमच्या गेल्या तर?"

"जाऊ दे. पण तुझ्या हातून न्हाई."

तो तसाच परत आला. तिचे काही चुकले नाही. माझा राग तिच्यावर नाही. रोज सांगितले तसे वागणाऱ्या माणसाला गावाने दार लावले, आणि साठ वेळा चार लिहिणाऱ्याला कुणी काही विचारलेले नाही.