डेल्बर्टची उपाशी कबुतरं

डेल्बर्ट म्यूझ आमच्या कुंपणापलीकडे राहतो. युद्धाआधी तो मासे खारवायचा आणि हौसेनं कबुतरं पाळायचा. आमच्या यारमथ गावात पाणबुड्या शोधणाऱ्या विमानांची तुकडी आली, तेव्हा तिनं त्याला कबुतरांसकट भरती करून घेतलं. विमान समुद्रात पडलं आणि बिनतारी यंत्र बंद पडलं, तर चिठ्ठी घेऊन यायला प्रत्येक विमानात एक कबुतर असे. ते उपाशीच न्यायचं, हा डेल्बर्टचा नियम. भुकेलं पाखरू वाटेत कुठं न थांबता ढाबळीत येतं.

माझा थोरला, लुईस, त्या तुकडीत बंदूक चालवायचा. निघताना काकवीची बिस्किटं मागायचा. "दोन जास्त दे, आमच्या सोबतिणीसाठी."

"तिला कणभर चारलंस तर तुलाच पिंजऱ्यात घालीन," डेल्बर्ट कुंपणावरून म्हणायचा.

"काका, काकू तुम्हालाही असंच उपाशी ठेवते का?"

"मग? म्हणून तर संध्याकाळी सरळ घरी येतो."

मीही हसायचे. आणि दोन जास्त द्यायचे.

गेल्या ऑक्टोबरात लुईसचं विमान परतलं नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी कबुतर आलं. पाचही जण तराफ्यावर आहेत, जिवंत आहेत, असं चिठ्ठीत होतं. जागाही लिहिली होती. तारीख पहिल्या दिवसाची. विमानं तिथं पोचली तेव्हा तराफा उलटा तरंगत होता.

"दोन दिवस ती कबुतरी कुठं होती?" मी डेल्बर्टला विचारलं.

"वारा उलटा होता, वहिनी."

"वारा समुद्राकडूनच होता. दोन्ही दिवस माझ्या चादरी तुमच्या कुंपणावर येऊन पडत होत्या."

त्यानं टोपी काढून चुरगाळली. मग म्हणाला, "त्या सकाळी मी चुकून दाणे टाकले. पोट भरलेलं पाखरू कुठंतरी बसून राहतं."

डेल्बर्टनं तीस वर्षांत अशी चूक केलेली नाही. मला ते ठाऊक आहे, हे त्यालाही ठाऊक होतं.

चौकशीतही त्यानं तेच सांगितलं. त्याच्या दंडावरच्या हुद्द्याच्या फिती गेल्या, ढाबळ गेली. मी बिस्किटांचं कुणालाच सांगितलं नाही. बाकीच्या चौघांच्या आया याच गावात आहेत. डेल्बर्ट दिसला की त्या रस्ता बदलतात, आणि मला भेटल्या की माझा हात धरून रडतात.

आता धाकट्या आल्डनला त्याच तुकडीत जायचंय. "घाबरू नकोस, आई," तो म्हणतो, "डेल्बर्टसारखा निष्काळजी माणूस आता तिथं नाही."

खरं काय ते मी त्यालाही अजून सांगितलेलं नाही.