निकेलची टेकडी आणि तिची नावं

बर दुबईत चहाला बसलो की माझ्या जुन्या ऑफिसचे किस्से निघतातच. कंपनी निकेलच्या खाणी शोधायची. २००८च्या मंदीत ती खलास झाली, किस्से मात्र वाढतच चाललेत! मी तिथे नकाशे काढायचो.

पेंडसे सर आमचे जिऑलॉजिस्ट, पुण्याचे. एका इन्व्हेस्टर मीटिंगमध्ये त्यांनी निकेलच्या नावाची गोष्ट सांगितली. जुन्या काळी जर्मनीतल्या खाणकामगारांना तांब्यासारखं दिसणारं खनिज सापडलं. भट्टीत घातलं, तर तांबं नाहीच, वर विषारी धूर! खाणीतल्या भुतानं फसवलं, म्हणून ते त्याला 'निकेलचं तांबं' म्हणायला लागले. निकेल म्हणजे ते खोडकर भूत. पुढे त्यातून नवा धातू निघाला, त्याला भुताचंच नाव चिकटलं.

मीटिंग संपल्यावर बॉस म्हणाले, "पेंडसे, इन्व्हेस्टर के सामने भूत मत निकालो!"

* * *

कॅनडात रेल्वेलाइनसाठी खोदताना एका लोहाराला गंजलेला खडक दिसला, असं सर सांगायचे. तांब्याच्या आशेनं खाण काढली, सोबत निकेल निघालं. खाणीला नाव लागलं जमीन घेणाऱ्याचं.

"आणि लोहार?" मी विचारलं.

"तो पुढच्या कॅम्पवर गेला, कामाला!"

* * *

आफ्रिकेत मलेरियाच्या तापात दोन सीझन काढून सरांनी एक टेकडी शोधली. मी नकाशावर लिहिलं, 'पेंडसे हिल'. बॉसनी खोडलं. "ये नाम कौन बोल पाएगा, यार?" टेकडीला त्यांच्या मुलीचं नाव मिळालं, 'तान्या'.

मग निकेलचे भाव कोसळले. त्यातच ड्रिलिंगचे रिपोर्ट आले, माल अगदी हलका. बॉसनी मला केबिनमध्ये बोलावलं.

"तान्या हटाओ. अब पेंडसे का नाम डाल दो!"

मी मुकाट्यानं बदललं. माझाही व्हिसा त्यांच्याच हातात होता.

* * *

सरांना टर्मिनेशन लेटर मिळालं त्या आठवड्यात मी त्यांच्या शारजाच्या घरी गेलो. मुलगी मृणाल बारावीत, कॉलेजचा फॉर्म भरत होती.

"बाबा, फादर्स ऑक्युपेशन?"

"जिऑलॉजिस्ट लिही."

"इट सेज प्रेझेंट, बाबा."

काकू उठून स्वयंपाकघरात गेल्या. चहा आधीच समोर ठेवलेला होता.

* * *

ऑफिसातल्या शेवटच्या दिवशी सरांनी माझ्यासमोरच टेकडीवरच्या वॉचमनला स्पीकरवर फोन लावला. तो तिथल्याच गावचा, मोडकंतोडकं इंग्रजी बोलायचा. साइट बंद, तंबू गावात वाटून टाक, एवढं सांगून झालं. फोन ठेवता ठेवता सरांनी सहज विचारलं, "तुमच्या भाषेत या टेकडीला काय म्हणतात?"

त्यानं एक नाव सांगितलं.

"अर्थ काय त्याचा?"

"'इथे काही नाही.'"

सर म्हणाले, "अरे, तीन वर्षं आम्ही तिथे खणतोय! आधी का नाही सांगितलंस?"

"साहेब, तुम्ही विचारलंच नाही. तुम्ही नाव ठेवायला आला होतात!"