मला न विचारता माझी बाजाची पेटी विकायला काढली

मैत्रिणींनो, अजून डोकं तापलेलंच आहे.

आज सकाळी कामोठ्याहून एक बाई पनवेलला आमच्या दारात. "काकू, पेटी बघायला आले. ऑनलाइन जाहिरात बघितली."

जाहिरात माझ्या मुलानं टाकली होती. माहेरून आणलेल्या माझ्या पेटीची!

जाब विचारला तर म्हणतो, "आई, तू आता वाजवतेस कुठे? नुसती जागा अडते."

अरे, "मीटिंग चालू आहे, आवाज नको" असं रोज तूच सांगतोस ना?

त्या बाईंना चहा देऊन माफी मागितली. मग त्याच्या मीटिंगमध्येच पेटी काढून बसले. बोटं अडखळली, तरी वाजवत राहिले.

कधीतरी विकेनही. पण ते मीच ठरवायचं ना?