दर मीटरला दोन बोटं

माझा स्वभाव तापट, हे आधीच सांगून टाकते. हॅम रेडिओचा परवाना हातात पडला त्याच आठवड्यात मला हवेवर बोलायचं होतं. तयार अँटेना येईपर्यंत थांबणार कोण? तांब्याची वायर आणली आणि अँटेनाच्या दोन्ही बाजू दहा-दहा मीटर मोजायचं काम अप्पांना, म्हणजे वडिलांना दिलं.

त्यात माझा डावही होता. दाजीबानपेठेतलं कापडाचं दुकान भावाच्या हाती सोपवून अप्पा धारवाडला, माझ्याकडे मळमड्डीत राहायला आले होते. जन्मभर कापड मोजलेला माणूस आता एकच पेपर चारदा वाचायचा. मला ते बघवत नव्हतं. दुकानातला मीटरचा लोखंडी गज त्यांनी जपून आणला होताच. मोजून झाल्यावर म्हणाले, "आता डोळे मिटून लाव."

लावली. गच्चीपासून शेजारच्या नारळापर्यंत. पण कसलं काय, तपासायच्या यंत्राचा काटा जागेवर येईना. सगळे जोड पुन्हा केले, स्वतःवरच खेकसले. शेवटी वायर उतरवून मोजली, तर दोन्ही बाजू दीड-दीड वीत जास्त. मग डोक्यात प्रकाश पडला. गिऱ्हाईक खूश राहावं म्हणून अप्पा दर मीटरला दोन बोटं कापड वर द्यायचे. हाताला तीच सवय.

"माप चुकलं" हे त्यांना कोणत्या तोंडानं सांगू? त्यांच्यापाशी अभिमानाचं तेवढंच उरलं होतं. दुपारी ते झोपलेले बघून मी गुपचूप एक बाजू कापली. वर बघते तो अप्पा दारात.

त्यांनी तुकडा उचलला. "माझं माप आजवर कुणी कापलं नव्हतं," म्हणाले. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"अप्पा, या अँटेनाला नेमकंच लागतं हो. वर दिलेलं चालत नाही."

"इरली बिडू, राहू दे," म्हणत ते आत गेले. रुसले वाटलं. तर कात्री घेऊन आले, जिनं त्यांनी आम्हाला कधी कागदसुद्धा कापू दिला नव्हता ती. "कमी दिलं असतं तर जोडत बसली असतीस की," असं मलाच सुनावून खाली बसले. दुसऱ्या बाजूची मी दीड वीत सांगितली, त्यांनी वीतभरच कापली. मग लावा, उतरवा, पुन्हा बोटभर कापा. असं चारदा. मी एकदाही चिडले नाही, देवाची शपथ.

रविवारी सकाळी कोल्हापूरकडच्या एका गृहस्थांनी हाकेला उत्तर दिलं. आवाज स्वच्छ येतोय म्हणाले, अँटेना कुठली विचारलं.

"घरीच केली. माप माझ्या वडिलांचं."

"अगदी अचूक आहे, सांगा त्यांना."

अप्पा शेजारीच बसले होते. उठून आत गेले आणि दुकानात बसताना घालायचे तसा इस्त्रीचा सदरा घालून पुन्हा येऊन बसले.