पद्माची चिठ्ठी

कॉम्प्युटरचं झाकण लावण्याआधी पद्मा आतल्या बाजूला एक चिठ्ठी चिकटवायची. वहीच्या कागदाचा चतकोर तुकडा, त्यावर पेन्सिलीने प्रोसेसरचा वेग, मेमरीचा वेग आणि खाली, चाचणी झाली की, 'पास'. नवी पेठेतल्या आमच्या दुकानात डिप्लोमा माझ्याकडे होता, पण गिऱ्हाईक दारातूनच विचारायचं, "पद्माताई आहेत का?" ते ऐकलं की माझ्या पोटात दुखायचं.

तिचे वडील यंत्रमागावर कामाला. ती बारावीनंतर आमच्याकडे आली ती फोन उचलायला, आणि वर्षभरात माझ्या शेजारी पेचकस घेऊन बसली. तिची सगळी विद्या मागावरून आलेली. "दादा, माग पळवायचा तर आदी सूत बघावं लागतंय की. सूतच तुटलं तर माग पळून काय उपेग?" प्रोसेसर म्हणजे तिचा माग आणि मेमरी म्हणजे सूत. मी हसायचो.

चादरींची नक्षी कॉम्प्युटरवर काढणारे कदीरभाई एकदा तक्रार घेऊन आले. मोठी नक्षी उघडली की मशीन रेंगाळायचं. मी लगेच पुढे होऊन प्रोसेसर ज्यावर चालतो तो मूळ वेग वाढवला. त्या जुन्या बोर्डावर मेमरीही त्याच वेगाला बांधलेली. तीही ओढली गेली आणि कॉम्प्युटर सुरूच होईना. पद्माने आधी मेमरी खाली आणली, मग प्रोसेसर वर नेला, मग मेमरी एकेक पायरी चढवली. दर पायरीला तासभर चाचणी. संध्याकाळी नक्षी झटक्यात उघडली. कदीरभाईंनी तिच्यासाठी चहा मागवला. मलाही मिळाला, पण मागाहून.

पुढच्या महिन्यात त्यांनी तो कॉम्प्युटर पंखा साफ करायला पाठवला आणि सोबत तसाच दुसरा, वेग वाढवायला. पद्मा वडिलांना दवाखान्यात घेऊन गेली होती. मी पहिल्याचं झाकण काढलं आणि तिच्या चिठ्ठीवरचे आकडे दुसऱ्यात भरले. तो सुरू झाला. चाचणी मी केलीच नाही. तिला दिवस लागतो ते काम मला अर्ध्या तासात उरकायचं होतं.

तो बंद पडला असता तर बरं झालं असतं. मेमरी आतल्या आत चुकत राहिली, नक्षीची फाइल बिघडली आणि अख्खा गठ्ठा चादरी मान तुटलेले मोर घेऊन विणून निघाल्या. आमच्या दुकानाच्या मालकांनी कॉम्प्युटर परत मागवला. पद्माने झाकण काढलं. आत चिठ्ठी नव्हती. सुरू करून पाहिलं, तर आकडे पहिल्या कॉम्प्युटरचे. तिने एकदा माझ्याकडे पाहिलं.

"हे असलं काम तूच करतेस ना?" मालकांनी तिला विचारलं.

मी हातातला पेचकस पुसायला घेतला.

"आकडे माजेच हायत," ती म्हणाली.

मालकांनी तिला पुन्हा फोनवर बसवलं. टेबल माझ्या एकट्याचं झालं, मला हवं होतं तसं. जिन्यात ती मला एवढंच म्हणाली, "दादा, दोन माग सारके दिसले तरी सूत सारकं तुटत न्हाय. आकडे ज्याचे त्याचे असतेत." दोन महिन्यांनी ती हैदराबादला नोकरीला गेली. आता मीही चिठ्ठ्या चिकटवतो.

परवा कदीरभाई आले होते. जुना कॉम्प्युटर अजून चालतो म्हणाले. "हात चांगला होता त्या पोरीचा. एकदाच चुकला."

"तो हात माझा होता," मी म्हणालो. एवढं बोलायला मला तीन वर्षं लागली. तिला 'आकडे माजेच हायत' म्हणायला क्षणही लागला नव्हता, आणि खरं सांगायचं तर त्याचाही मला हेवा वाटतो.