नकाशावरचा वसईचा ठिपका

काही प्रकरणांची फाईल बंद होते, पण माणूस डोळ्यांपुढून हलत नाही. वसईच्या पाचूबंदरची ती मावशी मला आजही आठवते.

तिच्या शेजारचं कुटुंब तमिळनाडूत वेलंकनी माउलीच्या यात्रेला गेलं होतं. घरातल्या अल्तारापुढे, म्हणजे येशू-मरियमेच्या देव्हाऱ्यापुढे, रोज संध्याकाळी मेणबत्ती लागलीच पाहिजे, म्हणून किल्ली मावशीकडे दिलेली. परत येऊन पाहतात तर कपाटातलं सोनं गायब! कुलूप मात्र शाबूत. फिर्याद देताना घरमालकीण म्हणाली, "दुसरी किल्ली थोरल्या मुलीच्या घरी, नायगावला असते. पण मुलगी तर आमच्याबरोबरच होती." खबऱ्यानेही मावशीचंच नाव दिलं.

महिला अंमलदाराला घेऊन मी जबाबासाठी मावशीकडे गेलो. मासळी विकणारी विधवा बाई, तोंडाची फटकळ. "मी नाय घेतलं, सायेब. घ्या झडती!" झडतीत काही मिळालं नाही. "घरात आणखी कोणी आलं होतं का?" या प्रश्नावर मात्र ती एकदम गप्प. कितीही विचारा, तोंड उघडेना. माझा संशय वाढला. बंदरावर तर लोकांनी तिच्याकडून मासळी घेणंच सोडलं.

कुटुंब कधी कुठे होतं, हे नोंदवायला मी धाकट्या मुलीला बोलावलं. तिने मोबाईलवर प्रवासाचा नकाशा उघडला. फोटो काढला तिथे ठिपका, ठिपका दाबला की फोटो. निघण्याआधी तिने ते ॲप सगळ्या नातेवाइकांच्या मोबाईलवर घालून दिलं होतं. कुणीही फोटो काढला की तो आपोआप सगळ्यांना दिसायचा. परतीच्या वाटेवर आणि मग चोरीच्या गडबडीत कुणीच ते उघडलं नव्हतं. दक्षिणेत ठिपक्यांची गर्दी, आणि एक ठिपका वसईत.

"हा कसला गं?"

तिने दाबला. टेबलावर मांडलेलं सोनं, मागे अल्तारापुढे जळती मेणबत्ती. खाली नाव थोरल्या जावयाचं. रजा नाही म्हणून तो यात्रेला गेला नव्हता. सोनाराला दाखवायला त्याने तो फोटो काढला होता. "भावोजी?" एवढंच म्हणून पोरगी रडायला लागली.

जावई कबूल झाला, मुद्देमालही मिळाला. मी मावशीकडे गेलो.

"मेणबत्ती तुम्हीच लावली होती. त्याला पाहिलंत ना?"

"पायला. मला बोलला, सासूनं धाडलाय. मंग चोरीचं कळलं. पन त्या थोरल्या पोरीला मी मांडीवर वाढवली, सायेब. तिचा संसार माझ्या तोंडानं मोडू?"

गप्प बसणारा काहीतरी लपवतो, हे आम्हा पोलिसांना पहिल्यापासून शिकवतात. तो कुणासाठी लपवतो, हे विचारायला मी त्या घरात शिकलो.

तेवढ्यात घरमालकीण माफी मागायला आली. रडत रडत तिने किल्ली पुन्हा मावशीच्या हातावर ठेवली. मावशीने तिला बसवलं, पाणी दिलं आणि किल्ली तिच्याच मुठीत परत दाबली.

"रोज येत जा गो. पन किल्ली नको."